चवीची खोली

आमच्या बावड्यावरून दर आषाढात तुकोबांची पालखी जाते. इंदापूरचा मुक्काम हलला की वडापुरी, सुरवड करत ती आमच्या गावात येते आणि तिथून सराटीला नीरेकाठी टेकते. सकाळी पादुकांना नीरेत स्नान घालायचं आणि पूल ओलांडून अकलूजच्या अंगाला जायचं, असा रिवाज आहे. गाव वारीच्या वाटेवरचं, त्यामुळं निम्म्या गळ्यांत तुळशीची माळ आहे. उरलेल्या निम्म्या गळ्यांतून दिवस मावळल्यावर काय उतरतं, ते सांगायला नको.

अशा गावचा मी मास्तर. मॅट्रिकच्या दाखल्यावर एका वस्तीशाळेला चिकटलो तो चिकटलोच. आणि शाळा सुटल्यावर कादंबऱ्या लिहितो. माझ्या दोन कादंबऱ्यांतून मिळून दारूवर पाऊणशे पानं तरी खर्ची पडली असतील. पण जिभेला कधी थेंब लागला नव्हता. वाईनच्या कारखान्यात जाऊन मी पाहुण्यासारखा बसेन असं कुणी सांगितलं असतं, तर खोटं वाटेल म्हणून मी ते कादंबरीतसुद्धा घातलं नसतं.

वेळ आणली दादानं. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. दोन एकर द्राक्षाची बाग, गळ्यात माळ, डोक्यावर पांढरी टोपी, आणि जगातल्या कुठल्याही वस्तूचा भाव किलोवर विचारायची सवय. गेल्या साली ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला आणि मांडवाखाली गळालेल्या फुलोऱ्याचा सडा पडला. खाण्याच्या द्राक्षाचे नखरे मोठे. मणी फुगावेत म्हणून घड औषधात बुडवायचे, विरळायचे, कागदात गुंडाळायचे. मुलीला दाखवायला काढावं तसं सगळं करायचं, आणि मग व्यापारी यायचा तो नाक मुरडत. कुणीतरी दादाच्या कानात घातलं की वाईनच्या द्राक्षाला असलं काही लागत नाही. मणी बारीक असला तर उलट बरा. साल जाड हवी. बी असली तरी हरकत नाही. आणि कारखाने करार करून माल उचलतात.

"मास्तर, तू लिहिणारा-वाचणारा मानूस. चल माझ्यासंगं," दादा म्हणाला. "कागुद वाचायला कुणीतरी पायजे."

"तिथं दारू असते, दादा."

"साखर कारखान्यात मळीची दारू व्हती म्हणून ऊस घालायचा सोडला का कुनी?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आमचा मुलूखच उसाचा. नीरेचा कालवा आला, मग १९३० नंतरच्या दहा वर्षांत अलीकडं वालचंदनगर आणि पलीकडं माळीनगर असे साखरेचे धुराडे उभे राहिले, आणि साखरेच्या पाठोपाठ मळी आली. द्राक्ष पुष्कळ उशिरा आलं, वाईन त्याच्याही नंतर. आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात वाईन काढली आणि तिच्यातली फेसाळ जातीची 'ओमर खय्याम' नावानं साता समुद्रापार विकली. पुढं नाशकाला सुला निघाली. २००१ साली सरकारनं द्राक्षापासून वाईन करणाऱ्यांना सवलती देणारं धोरण आणलं, नाशिककडं विंचूरला आणि सांगलीकडं पलूसला त्यासाठी खास जागा राखल्या, आणि मग आमच्या टापूतही हे कारखाने आले. पाटसहून बारामतीला येताना रोटीचा घाट लागतो. पालखीही त्याच घाटानं चढते. त्या रोटीला एक झाला. नीरेपलीकडं माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला फ्रटेली झाली, २००७ साली. फ्रटेली म्हणजे इटलीच्या भाषेत भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीतले सेक्की बंधू अशा तीन घरच्या भावांनी मिळून ती काढली. आमच्याकडं दोन सख्खे भाऊ एका विहिरीवर नांदत नाहीत, त्या मुलखात तीन घरचे भाऊ एका पिंपावर नांदले, याचं दादाला फार अप्रूप.

वाईन म्हणजे दारू की शेतमाल, हा वाद आमच्या पारावरही झडलेला आहे. २०२२च्या जानेवारीत सरकारनं मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा तर पार दोन तटांत विभागला. राळेगणसिद्धीहून अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला. तो निर्णय कागदावरच राहिला आणि पारावरचे तट पुन्हा नेहमीच्या विषयांवर भांडू लागले. मी तेव्हा विरोधाच्या बाजूनं बोललो होतो. चांगलं बोललो होतो, असं लोक म्हणाले.

आम्ही गेलो त्या कारखान्याचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर पुढं ज्याच्याविषयी सांगायचं आहे तो मुलगा ओळखू येईल. त्याला मी एकदा चारचौघांत उभं केलेलं आहे, तेवढं पुरे.

फाल्गुनातला रविवार होता. दादाच्या फटफटीवरून आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. फाटकावरच्या माणसानं सांगितलं, करार बघणारे साहेब शिवारात गेलेत, तोडणी चालू आहे, तासाभरानं येतील. तोवर टेस्टिंग रूममध्ये बसा.

"कशात?" दादा म्हणाला.

"चवीच्या खोलीत," मी माझ्या मगदुरानं भाषांतर केलं.

अशी चवीची खोली आपल्या देशात पहिल्यांदा सुलानं नाशकाला उघडली, २००५ साली. कारखाना बघायला आलेल्याला आत बसवायचं, चार-पाच तऱ्हेच्या वाईनचा घोटघोट चाखायला द्यायचा, कुठली कशी होते ते सांगायचं, आवडली तर बाटली विकायची. कापडाच्या दुकानात गादीवर बसवून ठाण उलगडून दाखवतात, त्यातलाच प्रकार. फक्त इथं ठाण पोटात जातं.

दारातच माझे पाय जड झाले. कारण दारूचं नव्हतं. धोतर-टोपी पाहून मान वर न करणारी दुकानं मी जन्मभर पाहत आलो आहे. तालुक्याच्या गावी एका दुकानात दादाला लुगडं दाखवायच्या आधी "परवडेल का?" असं विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. आमच्याकडं गिऱ्हाइकाची पायताणं बघून त्याची किंमत करतात, आणि दादाच्या पायताणाला त्या दिवशी शेण लागलेलं होतं.

आत गारवा. एका बाजूला काच, काचेपलीकडं पत्र्यासारखी चकचकणारी उंच पिंपं. मधे लांबलचक लाकडी फळा, त्याच्यावर उलट्या टांगलेल्या काचेच्या पेल्यांची रांग. फळ्यापाशी पुण्याकडची चार माणसं उभी होती, दोन जोडपी. फळ्याच्या आतल्या अंगाला काळा ॲप्रन बांधलेला पंचवीस-तिशीचा पोरगा त्यांच्याशी इंग्रजीत बोलत होता. झरझर, न अडखळता, आवाज न चढवता. आम्हाला पाहून त्यानं त्यांना हातानं 'एक क्षण' अशी खूण केली, बाहेर आला, दोन उंच खुर्च्या ओढल्या, फडक्यानं पुसल्या आणि म्हणाला,

"या गुरुजी. बसा. दादा, तुम्ही ह्या बाजूला बसा, वारा येतो."

पाण्याचे दोन पेले आणून ठेवले. "आधी पाणी घ्या. लांबनं आलाय."

डाव्या भुवईवर वण होता. त्यावरून मी त्याला ओळखलं, आणि हातातलं पाणी हातात राहिलं.

वीस वर्षं झाली असतील त्या गोष्टीला. हा माझ्याकडं चौथीत होता. बाप हातभट्टीच्या नादानं वाया गेलेला. गुत्त्यावरून त्याला उचलून आणायचं काम या पोराकडं. भुवईवरचा वणही अशाच एका रात्रीचा. त्या दिवसांत मी दारूबंदीच्या प्रचाराला फार पेटलो होतो. भिंतींवर गेरूनं सुविचार लिहून घेत होतो. उन्हाळ्याचे दिवस, शाळेतला नळ आटलेला, पोरांनी घरून पाणी आणायचं. एके दिवशी या पोरानं दप्तरातून पाणी काढलं ते दारूच्या चपट्या बाटलीतून. घरात दुसरी बाटली नव्हती, हे आता मला समजतं. तेव्हा मी ती बाटली त्याच्या हातून घेतली, वर्गासमोर उंच धरली आणि म्हणालो, "बघा रे, बापाची इस्टेट पोरानं दप्तरात आणली."

वर्ग हसला. माझा विनोद साधल्याचं मलाही बरं वाटलं. पोरगं काही बोललं नाही. बाहेर जाऊन त्यानं पाणी कडुनिंबाच्या बुडात ओतलं, बाटली कुंपणापलीकडं टाकली आणि जागेवर येऊन बसलं. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्यानं शाळेत पाणी आणलं नाही. मागून प्यायल्याचंही मला आठवत नाही. दोन वर्षांनी बाप गेला. मी माती द्यायला गेलो होतो, पण बोलायचं ते बोललो नाही. मास्तरानं चौथीतल्या पोराची माफी मागायची असते, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

आणि आता तो बाटली धरून माझ्यासमोर उभा होता. गळ्याला पांढरं फडकं गुंडाळलेलं, चिठ्ठी पाहुण्याच्या बाजूला.

त्याचं काम मी बघत राहिलो. मला दुसरं काही सुचतही नव्हतं. पेला देठाला धरायचा, पोटाला हात लावायचा नाही, हाताच्या उबेनं आतला गारवा मोडतो. आधी पांढरी, मग तांबडी. आधी हलकी, मग भारी. गोड सगळ्यांत शेवटी. ओतायचं ते खोकल्याच्या औषधाची दोन-तीन बुचं होतील इतकंच. बाटली वर घेताना मनगटाला हलका पीळ द्यायचा, म्हणजे थेंब खाली पडत नाही. मग पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघायचा, गोल हलवायचा, नाक घालून वास घ्यायचा, आणि मग घोट. घोट तोंडात घोळवायचा आणि वाटलं तर थुंकायचा. त्यासाठी फळ्यावर एक भांडं ठेवलेलं होतं. आमच्या आजोबांच्या पानाच्या पिकदाणीची आठवण व्हावी असं. दारू थुंकायला भांडं! आमच्या गावात हे सांगितलं तर अर्धा गाव ते भांडं प्यायला निघेल.

आपल्याकडं पाहुणचार म्हणजे आग्रह. ताटावर आडवा हात धरला तरी त्याच्या फटीतून तूप सुटतं. चहा नको म्हणणाऱ्याला दोनदा चहा. दारूचंही तेच, 'आमच्या शपथेवर घे' म्हणून पाजलेल्या पेल्यांनी किती घरं बसली, ती मी मोजत आलो आहे. या पोराच्या पाहुणचारात आग्रह नावालाही नव्हता. पुण्याच्या एका बाईंनी पेल्यावर तळहात ठेवला, तर बाटली वाटेतच थांबली, आणि त्यानं का म्हणूनही विचारलं नाही. त्यांच्याबरोबरचे गृहस्थ मात्र "आणखी ओत, आम्ही पैसे दिलेत" म्हणू लागले. तो हसला, थोडी ओतली, पुढच्या वाईनकडं त्यांचं लक्ष वळवलं आणि हलक्या हातानं पाण्याचा जग त्यांच्यापाशी सरकवला. गुत्त्यावरून माणसं उचलून आणलेल्या पोराला कुणाचा पाय कुठल्या घोटाला लटपटेल, हे डोळ्यांनीच कळत असणार.

मग तो दादाकडं वळला. गळ्यातल्या माळेकडं त्याची नजर गेली. मला वाटलं, आता सरबत आणून ठेवील आणि दादाला लहान पोरांच्या पंगतीत बसवील. त्यानं पांढऱ्या वाईनचा पेला दादाच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला,

"दादा, तुम्ही नुसता वास घ्या. वासाला माळ आडवी येत नाही."

दादानं माझ्याकडं बघितलं, पेला दोन्ही हातांत धरला, नाक घातलं आणि डोळे मिटले. तो बागेत घड हुंगतो तसा. बराच वेळ गेला.

"पेरू," दादा म्हणाला. "पाडाला आलेला. पुरता पिकल्याला न्हवं."

पुण्याची माणसं बोलायची थांबली. पोरानं दुसरा पेला पुढं केला.

"ह्यात हिरवी मिरची कापल्यावानी... न्हाय, ढबू मिरची. आन् ओलं गवत."

तिसरी तांबडी होती. दादानं वास घेतला, पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला. "जांभूळ. मागनं काळं मिरं येतंय. आन् लाकूड. ह्ये लाकडात ठेवलं व्हतं का रं?"

"ओकच्या पिंपात, दादा. फ्रान्सहून येतात ती," पोरगा म्हणाला आणि पुणेकरांकडं वळून त्यानं त्यांच्याच इंग्रजीत सांगितलं, की हे स्वतः द्राक्ष पिकवतात, आणि पहिल्या पेल्यात पेरू आहे, दुसऱ्यात ढबू मिरची, हे त्याला नोकरीला लागल्यावर महिनाभर शिकवावं लागलं होतं. मघाचे ते 'पैसे दिलेत' म्हणणारे गृहस्थ पेला घेऊन दादाच्या खुर्चीशी आले. "काका, ह्याच्यात काय आहे सांगा बरं?" दादानं टोपी सारखी केली आणि वास घ्यायला लागला. पुढची पंधरा मिनिटं चवीच्या खोलीत दादाची शाळा भरली होती. शेण लागलेलं पायताण उंच खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवून तो सांगत होता, आणि चार शिकलेली माणसं पेल्यात नाकं खुपसून "हो की!" म्हणत होती.

"गुरुजी, तुम्हाला ओतू का नको?" पोरानं विचारलं. नुसतं विचारलं. होकाराकडं कल नाही, नकाराकडंही नाही.

"ओत," मी म्हणालो.

तांबडी होती. जिभेवर आधी आंबट, मग जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते तसा तुरटपणा. तुरटपणा सालीतून येतो, रंगही सालीतूनच येतो. काळ्या द्राक्षाचा नुसता रस काढला तर तो फिकाच असतो, असं त्यानं सांगितलं. भांडं समोर होतं. थुंकायचं माझ्या मनात आलं, पण त्याच्या हातचं मला थुंकवेना. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी वाईनचा पहिला घोट गिळला. विरोधाच्या बाजूनं केलेलं भाषण मला त्या वेळी आठवलं, हेही सांगून टाकतो. भाषण मला अजूनही खोटं वाटत नाही.

"तू पितोस का रे?"

"चाखतो, गुरुजी. थुंकतो."

"आई?"

"बरी हाय. हितंच येती तोडणीला." आईचा विषय निघाला तशी त्याची बोली घरी परतली.

तेवढ्यात साहेब आले आणि दादाला घेऊन बाजूच्या खोलीत गेले. कागद वाचायला मी आलो होतो खरा, पण कागदापर्यंत गोष्ट गेलीच नाही. वाईनची वेल मांडवावर चालत नाही, ताठ तारांवर चढवावी लागते. वेलीवर माल थोडा धरावा लागतो, तर रसाला घट्टपणा येतो. नव्या वेलीचं पीक तिसऱ्या साली. आणि यंदा नवे करार नाहीत, नाव लिहून ठेवतो, असं ऐकून दादा परत यायचा होता. पुणेकर बाहेर वेली बघायला गेले. खोलीत आम्ही दोघंच उरलो. तो पेले पुसत होता.

मी म्हणालो, "तुला एक सांगायचं होतं. चौथीत होतास तेव्हाचं."

"काय गुरुजी?"

"ती पाण्याची बाटली..."

त्यानं हातातला पेला उजेडाकडं धरला. कुठं डाग दिसला असावा, पुन्हा पुसला, जागेवर उलटा टांगला.

"पाणी पायजे का? आणतो," तो म्हणाला आणि आत गेला.

त्याला कळलं नाही, की कळून त्यानं न कळल्यासारखं केलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पाहुणा अवघडला की त्याला सोडवायचं, हे त्या नोकरीत शिकवत असतील. किंवा तो खरोखरच विसरला असेल. पोरं विसरतात, असं मास्तर लोक एकमेकांना सांगत असतात. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघायला हवं होतं. मी बघत होतो उलट्या टांगलेल्या पेल्यांकडं.

निघताना दादाला कोपऱ्यात रिकाम्या बाटल्यांची रास दिसली. "ह्येचं काय करता? किलोवर जात्यात का नगावर?" पोरगा हसला. "न्या की दादा." दादानं करडईच्या तेलासाठी म्हणून दोन हिरव्या बाटल्या निवडल्या. पोरानं त्या गरम पाण्यानं तीन-तीनदा विसळल्या, नाकाशी धरून बघितल्या, आणि एकीत थंड पाणी भरून बूच दाबलं.

"ऊन लई हाय. वाटेत लागंल, गुरुजी," म्हणून ती माझ्या हातात दिली. फाटकापर्यंत पोचवायला आला. पायाही पडला. मग गाडीभर पाहुणे आले म्हणून धावत परत गेला.

दादा वाटभर गप्प होता. नीरेचा पूल ओलांडताना एकदाच म्हणाला, "पोरगं सोन्यासारखं हाय. कुनाच्या हाताखाली शिकलं रं?" फटफटीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, असं मी केलं.

बावड्याच्या चौकात दादानं पंक्चरवाल्यापाशी गाडी उभी केली, मागच्या चाकात हवा कमी वाटत होती. मी पिशवी मांडीशी धरून बाजूला उभा राहिलो. पिशवी तोकडी, दोन्ही बाटल्यांच्या माना बाहेर. पारावरच्या दोघा-तिघांनी बघितलं आणि एकमेकांना कोपरानं ढोसलं. माझ्या चौथीतली तीन पोरं सायकलचं टायर पळवत आली ती माझ्यापुढं येऊन थांबली.

"नमस्ते गुरुजी!"

"नमस्ते."

त्यातलं एक बाटलीकडं टक लावून बघत होतं. न राहवून म्हणालं, "गुरुजी, त्यात काय हाय?"

"पाणी," मी म्हणालो.

पोरं हसली.